चिंचवड ते चाकण, मार्गे मंत्रचळ

आमच्या सोसायटीतली मंडळी सुट्टीत कुठेतरी जाऊन येतात आणि परत आल्यावर फोटो दाखवतात. मीही नुकताच एक प्रवास करून आलो. एकूण सहा आठवडे लागले. त्यातलं एकही ठिकाण घरापासून तीस किलोमीटरच्या पलीकडे नव्हतं, फोटो एकही काढलेला नाही, आणि कुठे चाललोय हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून एका सकाळी मी हेल्मेट जिन्यातच चढवलं होतं. तरी लिहितोय, कारण या वाटेला न गेलेल्यांना ती फार लांबची वाटते. मलाही वाटायची.

निघण्याचं कारण

मी चाकणच्या एका कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला आहे. इंजिनात बसणारे बुश आमच्याकडे बनतात. बुश म्हणजे जाड अंगठीसारखा धातूचा तुकडा. माल बाहेर पडण्याआधी त्याचं माप घ्यायचं आणि पेटीच्या कार्डावर आपला शिक्का मारायचा, हे माझं बावीस वर्षांचं काम. प्रत्येक इन्स्पेक्टरचा शिक्का वेगळा असतो. माझा सात नंबर. सात नंबर मारलेल्या पेटीबद्दल गेल्या सहा वर्षांत गिऱ्हाइकाची एकही तक्रार आलेली नाही. त्याबद्दल कंपनीने मला तीनदा शाल, गुलाबाचं फूल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरात तीन घड्याळं आहेत. तिन्हींची वेळ मी रोज जुळवतो.

इथपर्यंत माझा सत्कार. आता बाकीचं.

घराचं कुलूप मी सरासरी नऊ वेळा ओढून बघतो. गॅसचं बटण अकरा वेळा. बाथरूमचा नळ सहा, पण पाणी येण्याच्या दिवशी आठ. हे आकडे अंदाजाने सांगत नाही, दोन आठवडे वहीत लिहून काढलेले आहेत. माझी बायको सुनंदा खाली स्कूटरजवळ उभी राहून वाट बघते. मुलीच्या साखरपुड्याला आम्ही, म्हणजे मुलीचे आई-वडील, पाहुण्यांच्या नंतर पोचलो. सुनंदा तिथे सगळ्यांशी हसून बोलली. घरी आल्यावर म्हणाली, "लग्नाला मी आदल्या दिवशीच जाऊन बसते. तुम्ही कुलपाबरोबर या."

हे सगळं घरातल्या घरात चालत होतं तोवर मी त्याला काटेकोरपणा म्हणत होतो. मग ते कारखान्यात शिरलं. माल भरलेला टेम्पो मोशीपर्यंत गेला होता आणि मला वाटलं, शेवटच्या पेट्यांचं आतलं माप मी घेतलंच नाही. फोन करून टेम्पो परत बोलावला. चाळीस पेट्या उतरवून पुन्हा मोजल्या. सगळ्या बरोबर. महिन्यातली ही तिसरी खेप. ड्रायव्हर पट्ट्या सोडता सोडता म्हणाला, "साहेब, बुशच हायेत ना आत? का बॉम्ब हाय?"

दुसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबांनी बोलावलं. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. मला 'सर' म्हणतात आणि सर म्हणूनच दटावतात.

"सर, पंधरा दिवस रजा घ्या. कुणाला तरी दाखवा."

"कुणाला?"

"ते तुम्ही बघा. येताना डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आणा. तोवर शिक्का माझ्याकडे."

त्यांनी सात नंबर ड्रॉवरमध्ये टाकला आणि किल्ली खिशात. ड्रॉवर नीट लागला का, हे मी जाताना वळून पाहिलं. एकदाच. खरं सांगायचं तर दोनदा.

शिक्का कायमचा गेला, तर मी पॅकिंगला जाणार होतो. पॅकिंगला वाईट म्हणत नाही, पण तिथे मापाचा संबंध नाही, खोक्याला पट्टी चिकटवायची. एकावन्नाव्या वर्षी मला दुसरं काही येत नाही. मोजता येतं, आणि मोजल्यावर हे बरोबर आहे असं सांगता येतं. त्यातलं दुसरंच आता येईनासं झालं होतं.

आळंदीच्या पुढे

सुनंदाचं म्हणणं थेट डॉक्टर गाठायचा. पण तिचा भाऊ बाळासाहेब मध्ये पडला. हे लोक मोशीकडचे मूळचे. शेती गेली, त्या जागी गोडाऊनं आली, बाळासाहेबाच्या गळ्यात साखळी आली आणि दारात पांढरी मोठी गाडी. माणूस मात्र मायेचा.

"दाजी, डाक्टरच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत न्हाईत. आदी बाहेरचं काय हाय का ते बघू. एक म्हातारा हाय, पैसा घेत न्हाई, नारळ बी घेत न्हाई."

सुनंदा म्हणाली, "जा एकदा. नंतर माझ्या मनासारखं."

रविवारी सकाळी निघालो. आळंदीत खांद्याला पखवाज लावलेली पोरं रांगेने क्लासला निघाली होती. पुलावरून पाहिलं तर इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत होता. बाळासाहेब म्हणाला, "नदीलाबी कुणीतरी करणी केल्यावानी झालंय." मी म्हटलं, नदीचं निदान सोपं आहे, वरच्या अंगाला जाऊन मोजलं की झालं. त्याने गाडीतल्या गाण्यांचा आवाज मोठा केला.

म्हातारबाबा गावाबाहेर औदुंबराखाली बसले होते. अंगात कोपरी, समोर पितळी तांब्या. दिसायला आमच्या गावाकडच्या कुठल्याही चुलत्यासारखे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झाडाला येकवीस फेऱ्या घाला. मनात दुसरं कायबी आणू नका."

वाचकांना आता पुढचं सांगायला नको, पण मला त्या वेळी कळलं नाही. मी सुरुवात केली. चौदाव्या फेरीला पायात कुत्रं आलं. ही चौदावी की तेरावी? अंदाजाने पुढे जाणं माझ्याने होईना. पुन्हा एकपासून. दुसऱ्यांदा एकोणीसपर्यंत गेलो आणि वाटलं, सुरुवातीची फेरी अर्धीच झाली होती, कारण मी झाडाच्या नेमक्या कुठल्या बाजूने निघालो हे खुणेने ठरवलेलं नव्हतं. तांब्याची खूण धरली. पुन्हा एकपासून. तेवढ्यात बाबांनी पाणी प्यायला तांब्या उचलला.

"दाजी, झाल्या येकवीस," बाळासाहेब सावलीतून म्हणाला. "म्या मोजल्या."

"तुम्ही मोजल्या हो. मी नाही मोजल्या."

"आता ह्यात काय हाय?"

"त्यातच तर सगळं आहे, बाळासाहेब."

रांगेत मागे पाच माणसं खोळंबली. सगळ्या फेऱ्या मिळून अठ्ठावन्न झाल्या होत्या असं बाळासाहेबाने नंतर सांगितलं. ते मला पटलेलं नाही. शेवटी बाबाच उठले, माझ्या दंडाला धरून थांबवलं आणि बाळासाहेबाकडे वळले.

"ह्यांला घिऊन जा. ह्यांचं बाहेरचं न्हाई. आतलं हाय. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात दावा, थितं मंगळवारी मनाचं डाक्टर असत्यात."

"बाबा, म्हंजी..." बाळासाहेबाचा चेहरा उतरला.

"लई येत्यात माझ्याकडं. निम्मे थितंच धाडतो."

परतताना आळंदीत आम्ही कांदाभजी खाल्ली. माझे पोटरीचे गोळे दुखत होते. बाळासाहेबाने आपली भजी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "म्हाताऱ्यानंच डाक्टरकडं धाडलं म्हणल्यावर आता घरी आमच्या आयला काय सांगू?"

पिंपरी

आमच्या या पट्ट्यात एक रीत आहे. ताप आला तर घराजवळच्या दवाखान्यात जायचं. डोक्याचं काही असेल तर लांबच्या. चिंचवडचा माणूस पिंपरीला दाखवतो, पिंपरीचा निगडीला, निगडीचा पुण्याला. हेतू हा की ओळखीचं कुणी भेटू नये. पण सगळेच ओळख टाळायला निघत असल्यामुळे ओळखीची माणसं नेमकी तिथेच भेटतात. हे मी मंगळवारी सकाळी साडेनऊला शिकलो.

जिन्यात घातलेलं हेल्मेट मी दवाखान्याच्या व्हरांड्यापर्यंत काढलं नव्हतं. वॉचमनने काढायला लावलं. सुनंदा केसपेपरच्या रांगेत गेली आणि मी बाकावर बसलो. शेजारून आवाज आला.

"अरे, सात नंबर."

सलीमभाई. आमच्याच खात्यातले, चार नंबरचा शिक्का त्यांचा. भोसरीत राहतात, वडिलांचं तिथे जुनं गॅरेज आहे. (नाव मी बदललं आहे, शिक्क्याचा नंबर बदलला आहे, गॅरेजही गॅरेज नाही. हे तपासून घेतलं आहे.)

"सलीमभाई, तुम्ही इथे?"

"बीपी. आणि तुम्ही?"

"माझंही बीपीच."

दोघंही समोर बघत बसलो. समोर भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'मानसोपचार विभाग' लिहिलेलं होतं. पाचेक मिनिटं ती पाटी आम्ही दोघांनी वाचली.

"ही बीपीची लाइन नाही, राव," सलीमभाई म्हणाले.

"नाही."

"मग ते हेल्मेट खाली ठेवा. अंडं उबवायला बसल्यासारखं धरलंय."

ते तीन वर्षांपासून येत होते. आधी झोप गेली, मग भूक, मग बोलणं. गोळ्यांनी बरंच सावरलं आहे. कंपनीत कुणाला पत्ता नाही.

"रजेच्या फॉर्मवर काय लिहिता?"

"मूळव्याध."

"मूळव्याध का?"

"त्याच्याबद्दल कुणी पुढचा सवाल विचारत नाही. पाठदुखी लिहा, दहा जण तेल सुचवतात. मूळव्याध म्हटलं की सगळे म्हणतात, बसा बसा, नाही नाही, उभेच राहा."

बाकावर आमच्या पलीकडे नांदेडकडचा एक तरुण कामगार होता. त्याला त्याच्या खोलीतल्या जोडीदाराने आणलं होतं, आणि तो जोडीदार फोनवर घरमालकाला सांगत होता, "हां काका, पिवळा ताप म्हणालेत. नाही नाही, लागट नाही." मला आमच्या गावचा नाना आठवला. आमचं गाव साताऱ्याकडे. नाना दिवसभर देवळाच्या पायरीवर स्वतःशी बोलायचा. त्याला वेडा नाना म्हणत, पण जेवायला पाच घरं ठरलेली होती आणि लग्नाच्या पंगतीत त्याचं पान असे. औषध मात्र कुणी दिलं नाही, पावसाळ्यात तो भिजत असे आणि तसाच गेला. इथे औषध आहे, पण पान मांडणारं कुणी नाही. सगळेच बाहेरून आलेले. खोली, नोकरी, सोयरीक, सगळं इतरांच्या बोलण्यावर उभं. म्हणून इथल्या माणसाला पिवळा ताप येतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी माझी वही पुढे केली. चौदा दिवसांचा तक्ता, कुलूप, गॅस, नळ, खाली बेरीज आणि सरासरी. त्यांनी तो नीट पाहिला.

"छान काढलाय. किती वेळा तपासलात?"

"चार."

सुनंदा म्हणाली, "सहा."

मग मी माझी बाजू मांडली. सहा वर्षांत तक्रार नाही, तीन शाली, तीन घड्याळं. म्हटलं, "कंपनीत ज्याचं बक्षीस मिळतं त्याला घरी आजार कसं म्हणायचं? मग आजार कुणाचा, माझा की कंपनीचा?"

मला वाटलं होतं, या प्रश्नाने त्या अडतील. त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांदा बघता ते कंपनीसाठी. बाराव्यांदा बघता ते कुणासाठी?"

मी तो प्रश्न वहीत उतरवला. उत्तराचा रकाना अजून कोरा आहे.

याला ओसीडी म्हणतात, त्यांनी सांगितलं. मराठीत जुना शब्द मंत्रचळ. तो शब्द मला माहीत होता. माझी आत्या सोवळ्याच्या नावाखाली दिवसात सात वेळा अंघोळ करायची आणि तिला मंत्रचळी म्हणून आम्ही हसायचो. आपल्यावर आल्यावर शब्दाचं वजन वेगळं लागतं. एक गोळी लिहून दिली आणि अभ्यास दिला. कुलूप एकदा लावायचं, एकदा ओढायचं, निघायचं. मग शंका येईल. ती येऊ द्यायची, तिच्याशी वाद घालायचा नाही आणि खात्रीसाठी कुणाला विचारायचं नाही. मग सुनंदाकडे वळून म्हणाल्या, "यांनी विचारलं तरी 'बंद आहे' असं सांगायचं नाही."

"मग काय सांगू?"

"माहीत नाही म्हणा."

तिथून पिंपरी कॅम्पात गेलो. सुनंदाला दाल-पकवान फार आवडतं, आणि एवढ्या जवळ येऊन ते न खाता परतणं तिला मंजूर नव्हतं. पकवान म्हणजे कुरकुरीत तळलेली मोठी पुरी, तिच्यावर हरभऱ्याची दाट डाळ, चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. पहिला तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला.

"सुनंदा, सकाळी कुलूप लागलं होतं ना?"

तिने कांदा नीट डाळीवर पसरला, घास खाल्ला आणि मोठ्या समाधानाने म्हणाली, "माहीत नाही."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तिला असं निवांत जेवताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे. माझं पकवान मऊ पडलं. घरी आलो तेव्हा कुलूप लागलेलं होतं, पण त्याचा आनंद मानायचा नाही असंही डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं असल्यामुळे मी तो मानला नाही.

चाकण

पंधरा दिवसांनी कामावर गेलो. खिशात 'कामास योग्य' असा डॉक्टरांचा कागद. एचआरच्या साहेबांनी रजेचा फॉर्म पुढे सरकवला आणि आवाज खाली आणला.

"सर, आजाराच्या रकान्यात मणक्याचा त्रास लिहा. विषय इथेच संपवू. शिक्का आत्ता काढून देतो."

त्यांची इच्छा चांगली होती. सलीमभाईंनीही मला परोपरीने समजावलं होतं, मूळव्याध वापरायची परवानगीही दिली होती. मी पेन उचललं. 'म' काढला. आणि पुढे हात जाईना. बावीस वर्षांत एका मापाचा शेवटचा आकडासुद्धा मी इकडचा तिकडे केलेला नाही, मग मणका कसा लिहू? कोणता मणका, कधीपासून, याची माझ्याकडे नोंद नव्हती. याला कुणी धैर्य म्हणू नये. खोटं लिहिण्यासाठी जे मन मोकळं लागतं, नेमकं तेच आजारी होतं. 'म' तयार होताच. मी त्याच्यापुढे मंत्रचळ पुरा केला.

साहेबांनी वाचलं. "हा सिस्टिममध्ये नाही बसत, सर. यादीत मलेरिया आहे, कावीळ आहे, मणका आहे."

"इतर असेल ना?"

"इतर आहे. पण मग शिक्क्याचं प्लँट हेडना विचारावं लागेल. मणका असता तर नसतं विचारावं लागलं."

ड्रॉवर उघडलाच नाही. ठरलं असं की मी माप घ्यायचं आणि माझ्या मालावर सलीमभाईंनी चार नंबर मारायचा. दुपारपर्यंत कँटीनमध्ये बातमी पोचली होती. वाढणारा म्हणाला, "सात नंबर, आमटीत मीठ आहे का बघा. दोनदा बघा." सगळे हसले. मीही हसलो, आणि खरोखर मीठ कमी होतं. सलीमभाई ताटातून वर बघत नव्हते. मी त्यांचं नाव घेईन की काय, ही त्यांची भीती मला दिसत होती.

पुढचे तीन आठवडे मात्र मोठ्या सुखात गेले. मी एकदा माप घेई, पेटी सरकवी आणि सलीमभाई शिक्का मारत. शंका येईना. टेम्पो जाई, मला काहीच वाटेना. मी स्वतःला जवळजवळ बरा झालेला मानू लागलो. पॅकिंगचं भय होतं, पण प्लँट हेड परदेशात होते आणि निर्णय लांबला होता, तो लांबावा असंच मला वाटू लागलं होतं.

एके दिवशी सलीमभाई शिक्का हातात धरून थांबले.

"भाऊ, हे माप बघितलं ना?"

"बघितलं."

"नक्की ना?"

मी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"तुम्ही मोजता, आणि झोप माझी उडते," ते म्हणाले. "नंबर माझा आहे ना कार्डावर. आठ दिवस झाले, तीन वाजता जाग येते."

मंगळवारी पिंपरीला तपासणी होती. मी उत्साहाने तक्ता दाखवला, कारखान्यातल्या रकान्यात सलग शून्यं. डॉक्टरीणबाईंनी शून्यांकडे जरा वेळ पाहिलं आणि शिक्क्याची सगळी व्यवस्था विचारून घेतली.

"म्हणजे शंका गेली नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला वाहायला दिलीत."

सलीमभाईंचं नाव मी घेतलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही.

"मग मी काय करू?"

"शिक्का परत मागा."

घरी परतताना मी सुनंदाला म्हटलं, "मागितला तर ते पॅकिंगलाही घालतील." ती म्हणाली, "घालतील. पण त्या माणसाची झोप आपल्या घरात ठेवून घेता येईल का?"

परदेशातून परतलेले प्लँट हेड गुरुवारी भेटले. एचआरचे साहेब शेजारी, समोर माझा फॉर्म. मी उभ्यानेच सांगितलं की मला शिक्का परत हवा आहे, मान म्हणून नाही, औषध म्हणून. प्लँट हेडनी एचआरच्या साहेबांकडे पाहिलं, त्यांनी फॉर्मकडे.

"पुन्हा टेम्पो बोलावणार का?" प्लँट हेडनी विचारलं.

"बोलवावासा वाटेल. बोलावणार नाही. लिहून देऊ?"

"नको. लिहून घेतलं तर तेच चारदा वाचत बसाल. एक महिना देतो. एक जरी टेम्पो परत आला तर पॅकिंग."

ड्रॉवर उघडला. सात नंबर माझ्या हातात आला. खात्यात आल्यावर सलीमभाईंनी माझ्या पेट्या स्वतःच्या टेबलावरून उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. चहाच्या वेळी अर्धा कप त्यांनी माझ्या ग्लासात ओतला.

दुपारचा माल बावीस पेट्यांचा होता. ठरलेले नग काढले, ठरलेली मापं एकदा घेतली, कार्डावर शिक्का मारला. बावीस वेळा. तिसऱ्या पेटीवरचा सात जरा तिरका उमटला. टेम्पो भरला, ताडपत्री बांधली, गेटवर पावती झाली आणि तो नाशिक रस्त्याला लागला. मी फोन टेबलाच्या खणात ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.

तिसऱ्या पेटीत एका नगाचं आतलं माप घ्यायचं राहिलं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं. त्या पेटीतले बुश एव्हाना कुठल्या कुठल्या गाड्यांत बसून धावत असतील.